तीन पाण्यांतून काढलेली जाळी

“हे काँक्रीट आहे का ताक?” दत्ताराम गवंडी मिक्सरच्या तोंडात डोकावून ओरडला.

फेस खरंच आला होता. करडा, बारीक बुडबुड्यांचा. मिक्सर फिरत होता आणि फेस काठावर चढून पुन्हा आत पडत होता. दत्तारामने थापी आत घातली, वर काढली, वास घेतला आणि अंगठ्याने पुसली. चाळीस वर्षं सिमेंट कालवलेला माणूस, पण त्या दिवशी त्याचं तोंड बिनमिठाची आमटी चाखल्यासारखं झालं होतं.

“बंद करा, बंद करा,” तेजस्विनी धावत आली. “पाणी कुठलं घेतलंय?”

“टाकीचं. मघाशी तूच चाखून बघितलंस.”

“मग फेस कशाचा ओ?”

“मला काय विचारतेस? घाटावरच्या कॉलेजात शिकून तू आलीस. मी आपला रेती, खडी, सिमेंट, पाणी एवढंच जाणतो. ह्यात केस कालवायची अक्कल माझी नव्हे.”

केस म्हणजे मासे धरायच्या जुन्या जाळ्यांचे तुकडे. तेजस्विनी त्यांना तंतू म्हणायची, दत्ताराम केस म्हणायचा आणि ते कापणाऱ्या बायका शेवया म्हणायच्या. मी वहीत ‘कापलेली जाळी, नायलॉन, किलो’ असं लिहायचो. वेळसुरे बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचा मी स्टोअरकीपर. पेट्रोमॅक्सच्या मेंटलपासून बोटीच्या पंख्यापर्यंत काय आलं, कुणाला दिलं, कशासाठी दिलं हे माझ्या वहीत सापडे. ‘पावसकरांच्या वहीत नाही म्हणजे झालंच नाही’ असं बंदरावर म्हणत, आणि ते ऐकलं की मी दुसरीकडे बघायचो, म्हणजे पुन्हा म्हणतील. माणसांचीही मी मनात अशीच नोंद ठेवायचो. एका बाजूला माणूस काय बोलतो, दुसऱ्या बाजूला काय करतो. दोन्ही बाजू जुळलेला माणूस मला तोवर भेटला नव्हता. स्वतःचं पान मी अर्थात उघडलं नव्हतं.

झालं होतं असं, की जेटीवरच्या गटाराची झाकणं दर तीन-चार वर्षांनी फुटायची. काँक्रीट चांगलं असायचं, पण आतली सळई खाऱ्या वाऱ्याने गंजायची, गंजून फुगायची आणि झाकण आतून फोडायची. वरून धडधाकट दिसणाऱ्या अशाच एका झाकणावर येसूबाई डोर्लेकरने बांगड्याची पाटी डोक्यावर घेऊन पाय ठेवला आणि मांडीपर्यंत आत गेली. पाटी सांडली, बांगडे कावळ्यांनी नेले आणि गुडघा कायमचा गेला. तिचा नवरा बोटीवर तांडेल होता, माझ्याहून वयाने मोठा, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचो. तो दर्यात गेला त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. पाटीवरच घर चाललेलं. गुडघा गेल्यावर पाटी गेली.

मग ही तेजस्विनी माळी आली, वाळव्याकडची. कुठल्याशा संस्थेच्या प्रकल्पावर, चार महिन्यांसाठी. तिने किनाऱ्यावर कुजायचं नाव न घेता पडलेल्या जाळ्यांचे ढीग पाहिले आणि म्हणाली, “काका, हे प्लॅस्टिकच की. सळईऐवजी हेच बारीक कापून काँक्रीटमध्ये घालू. ह्याला गंज चढत नाही.”

“जाळ्याने काँक्रीट धरून ठेवायचं?”

“हो. तडा तर कुठल्याही काँक्रीटला जातो, काका. आपला सवाल तड्यानंतरचा. सगळीकडून हजार धागे धरून असले, तर तडकलेलं झाकण तडकल्या जागीच राहतं. माणसाला घेऊन खाली जात नाही.”

हे वाक्य येसूवहिनीने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ती कोयता घेऊन जाळ्यांच्या ढिगापाशी हजर. बसून करायचं काम गुडघा गेल्यापासून पहिल्यांदाच दिसत होतं. तिच्यामागून आणखी सात जणी आल्या. चेअरमन रामनाथ नाखवांनी बर्फखान्यामागची शेड दिली, पण अट घालून दिली. बायकांनी कापलेल्या तंतूंची सहा झाकणं आधी तपासायची. टिकली तर जेटीची सगळी झाकणं ह्याच पद्धतीने आणि शेड बायकांची. नाहीतर शेड रिकामी करायची. नाखवांना खरं तर तिथे बर्फाची पेटारी ठेवायची होती. बोलायचे मात्र “महिलांना संधी मिळाली पाहिजे.” माझ्या मनातल्या वहीत त्यांची दोन पानं भरली होती.

तर तो फेस.

तेजस्विनीने मिक्सर थांबवून विचार केला आणि शेडकडे बघितलं. शेडमध्ये आठजणी पाय पसरून बसल्या होत्या, शेवटचा ढीग कापत. मापाला काड्यापेटी. काड्यापेटीएवढा तुकडा, ना मोठा ना लहान.

“येसूमावशी, जाळी धुतलेला साबण नीट निघाला होता का?”

येसूवहिनीचा कोयता थांबला.

“तीन पाण्यांतून काढली हायत.”

“नाही, म्हणजे फेस येतोय म्हणून विचारलं.”

“बाय, माशांचा वास लागलेलं लुगडं मी दोन पाण्यांतून काढते आणि लग्नाला नेसून जाते. जाळी तीन पाण्यांतून काढली. पायजे तर चाटून बघ.”

बाकीच्या हसल्या. तेजस्विनीही हसली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग फेस काठीने काढून टाकला, सिमेंट थोडं वाढवलं आणि काम पुढे रेटलं. दत्ताराम एकीकडे साच्यांना कापडाने जळकं ऑईल चोळत होता. बोटीच्या इंजिनातून निघालेलं ते काळं ऑईल मीच दिलं होतं, वहीत लिहून. ‘ऑईल, जळकं, दोन लिटर. कशासाठी : साच्याला काँक्रीट चिकटू नये म्हणून.’

“चोपडून लाव,” मी त्याला म्हटलं.

“मला शिकवू नका, पावसकर. तेलाशिवाय साचा पोर सोडत नाय.”

सहा झाकणं भरली. वरून केस बाहेर आलेले. दत्ताराम थापीने दाबायचा, ते पुन्हा उभे राहायचे. “चाळीस वर्षांत असं दाढी वाढलेलं काम मी केलं नाय,” म्हणत तो हात धुवायला गेला. वास्तविक त्याच्या आधी पंधरा दिवस त्याने एक नमुन्याचं झाकण केलं होतं. त्याचे तंतू तेजस्विनीने एकटीने धुऊन कापले होते, एकदा करून दाखवते म्हणून. चार किलो कापताना तिच्या दहा बोटांना सात चिकटपट्ट्या लागल्या. सुकं जाळं म्हणजे करवतच. दोरा ओढला की कातडी उघडते आणि आत मीठ जातं. ते झाकण माझ्या स्टोअरच्या दारासमोरच्या गटारावर बसवलं होतं. त्याच्या मिश्रणाला फेसबीस काही आला नव्हता.

त्या चिकटपट्ट्या बघूनच तिने मला हातमोजे मागितले होते. आठ जोड. मी सांगितलं, मागणीपत्रावर तीन सह्या लागतात, नाखवा मुंबईला गेलेत, आल्यावर बघू. ते आले, पण सही झाली नाही. मग सचिव रजेवर गेला. मागणीपत्र माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पिवळं पडत होतं आणि नियमाबाहेर मी जाणार नव्हतो. बायकांच्या हातांची सोय मी माझ्या परीने केली होती आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही होतो.

अठ्ठावीस दिवस झाकणं पाण्यात मुरली. अठ्ठावीस दिवस येसूवहिनी रोज सकाळी येऊन हौदात डोकावायची. “पिकली काय वो?” असं विचारायची, अढीतल्या आंब्याला विचारावं तसं.

तपासणीच्या दिवशी जेटीवर जत्रा. नाखवा खुर्चीवर, बाकी सगळे उभे. दोन दगडांवर झाकण आडवं ठेवलं. त्यावर माशांच्या पेट्या ठेवायच्या, प्रत्येकीत ओली वाळू, वजन चाळीस किलो. बारा पेट्या तोलल्या की पास. तेजस्विनीने सगळ्यांना पुन्हा समजावलं. “तडा गेला तर घाबरू नका. तडा जाणारच. तड्यानंतर बघायचं.”

पाच पेट्या. सहा. सात. येसूवहिनी काठीवर रेलून उभी होती आणि प्रत्येक पेटीला तिची हनुवटी एकेकदा हलत होती. आठवी पेटी ठेवली आणि टक्कन आवाज झाला. मधोमध केसाएवढी रेघ उमटली.

“गेला तडा,” नाखवा म्हणाले.

“थांबा,” तेजस्विनी म्हणाली. “आता ठेवा. हळू.”

नववी पेटी पूर्ण टेकलीही नव्हती. झाकण पावासारखं दुभंगलं. नऊ पेट्या एकमेकींवर कोसळल्या, वाळू नाखवांच्या पांढऱ्या पायजम्यावर.

दुसरं झाकण ठेवलं. ते सातव्याला तडकलं आणि आठव्याला तुटलं. तिसरं ठेवायला हमाल पुढे झाला तेव्हा नाखवांनी हात वर केला.

“पुरे. पायजमा एकच आणलाय.”

लोक हसले. तेजस्विनी तुटक्या तुकड्यापाशी उकिडवी बसली. तुटल्या कडेवर दोन्ही बाजूंनी तंतू उभे होते, आठवड्याची दाढी वाढावी तसे.

“दत्ताराममामा, सिमेंट कमी पडलं का?”

“माझ्यावर ढकलू नको. तू तोलून दिलंस, मी ओतलं.”

“मी ढकलत नाही ओ. मी विचारतेय.”

“विचार. इतके दिवस मी विचारत होतो की काँक्रीटला केस कशाला, तेव्हा कोणी ऐकलं?”

“दुपारी चारला ऑफिसात बसू,” नाखवा उठले. “काय चुकलं ते लिहून टाकू आणि मोकळे होऊ.” मोकळे होऊ हे दोन शब्द त्यांनी शेडकडे बघत उच्चारले.

मी जेवायला घरी गेलो. डोकं तापलेलं. महिनाभर ज्या कामाला जो तो नावं ठेवत होता, त्यात मी कधी नव्हे तो मन घालून बसलो होतो, आणि ते असं पावासारखं तुटलं. पडवीत मालती फणस घेऊन बसली होती. विळी पुढे, खाली वर्तमानपत्र. माझ्याकडे न बघता म्हणाली,

“अहो, तो तेलाचा डबा कुठे नेलात?”

“कुठला?”

“होळीच्या आधी घाण्यावरून आणलेला. पाच लिटरचा. लहान डबा आज संपला म्हणून शोधतेय. हाताला काय लावू? चीक बसला की दोन दिवस सुटायचा नाही.”

मी चप्पल काढत होतो. एक पाय चपलेत, एक बाहेर, तसाच राहिलो.

हातमोज्यांवर सह्या होईनात तेव्हा मी तो डबा शेडमध्ये नेऊन ठेवला होता. येसूवहिनीच्या तळव्यांवर आडव्या-उभ्या चिरा पडल्या होत्या, आणि ती त्यांवर मिठाचं पाणी लागलं की नुसती डोळे मिटायची, बोलायची नाही. मी म्हटलं, फणस कापताना लावता तसं लावा, हाताला आणि कोयत्यालाही. त्या दिवसापासून कापणं सरसर झालं. रक्त थांबलं. आठही जणींचे हात कोपरापर्यंत चकाकायला लागले. “पावसकरभाऊ, तुमच्या तेलाने हात लोण्यासारखे झाले,” असं ती म्हणाली होती, आणि मी दुसरीकडे बघितलं होतं, म्हणजे पुन्हा म्हणेल.

घरचं तेल. सोसायटीचा त्याच्याशी संबंध नाही. वहीत लिहिण्याचा प्रश्नच नव्हता.

“अहो, ऐकताय का?”

“दिलं एकाला,” मी म्हटलं आणि न जेवता परत फिरलो.

जेटीवर कुणी नव्हतं. तुटलेल्या झाकणापाशी बसलो, एक तंतू चिमटीत धरला आणि ओढला. वाटलं होतं, तुटेल किंवा हाताला कापेल. गऱ्यातून आठळी निघावी तसा अलगद निघाला. अख्खा, काड्यापेटीएवढा. दुसरा ओढला, तोही तसाच. सिमेंटने त्यांना धरलंच नव्हतं. साच्याने काँक्रीट धरू नये म्हणून बाहेरून तेल लावायचं, हे दत्ताराम जाणत होता, मी जाणत होतो. तेच आम्ही आतूनही लावून ठेवलं होतं, एकेका धाग्याला, हातांनी चोळून. फेसाचंही तेव्हाच कळलं. माझी आई खोबरेलात कॉस्टिक घालून घरी साबण करायची. सिमेंटची आगही त्याच जातीची. जाळ्यात साबण राहिला नव्हता. आम्ही तो मिक्सरमध्ये तयार केला होता.

चार वाजता ऑफिसात नाखवा, सचिव, तेजस्विनी, दत्ताराम आणि मी. येसूवहिनी दारात उभी, बाकीच्या सातजणी बाहेर ओसरीवर. तेजस्विनीचे डोळे सुजले होते, पण आवाज ठाम होता.

“नमुन्याच्या झाकणाला फेस आला नव्हता,” ती म्हणाली. “सिमेंट तेच, पाणी तेच, दत्ताराममामाच. फरक एकच, ते जाळं मी स्वतः धुतलं होतं.”

“म्हणजे हिने नीट धुतलं नाय,” नाखवा दाराकडे बोट करत म्हणाले.

“तीन पाण्यांतून काढली होती,” दारातून आवाज आला.

“अगो, फेस आला का नाय?”

“आला.”

“फेस कशाचा येतो? साबणाचा. मग?”

“ते मला ठाऊक नाय. जाळी तीन पाण्यांतून काढली होती.”

दत्ताराम पुटपुटला, “बायकांच्या हातात दिलं की असंच.” ओसरीवरून एकीने त्याच्या आईचा उद्धार केला. नाखवांनी टेबलावर हात आपटला. तेजस्विनी मात्र माझ्याकडे वळली. सबंध ऑफिसात विचार करत असलेली ती एकटीच होती.

“काका, थांबा. स्टोअरमधून ह्यांना आणखी काही दिलं होतं? धुताना, कापताना आणखी काही वापरलं असेल तर ते वहीत असेल ना?”

“असणारच,” नाखवा म्हणाले. “पावसकरांच्या वहीत नाय म्हणजे झालंच नाय. वाचा, पावसकर.”

मी वही उघडली. पान सापडायला वेळ लागला, म्हणजे मी लावला. वाचलं. जुनी जाळी. धुण्याची पावडर. कोयते, आठ. प्लॅस्टिकची टबं, तीन. पोती. काड्यापेट्या, रिकाम्या. जळकं ऑईल, दत्ताराम गवंडी, दोन लिटर.

“आणखी?” तेजस्विनी म्हणाली.

वहीत खोचलेलं मागणीपत्र दिसत होतं. हातमोजे, आठ जोड, सह्या बाकी. मी तेल म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न, कुणी दिलं? मग, का दिलं? मग, मोजे का नाही दिले? मग, वहीत का नाही? बावीस वर्षांची वही त्या एका डब्यावरून घसरली असती. हे मी आज सांगतो आहे. तेव्हा एवढं सुचलंही नाही. तेव्हा फक्त माझं बोट त्या ओळीखाली थांबलं होतं आणि पुढची ओळ कोरी होती.

येसूवहिनी दारातून माझ्याकडे बघत होती. दोन्ही हात पदराखाली.

“एवढंच,” मी म्हटलं आणि वही मिटली.

तेजस्विनीने मान खाली घातली. नाखवांनी सचिवाला सांगून लिहून घेतलं : ‘जाळी धुताना हलगर्जी झाल्यामुळे.’ तेजस्विनी म्हणाली, “हलगर्जी शब्द काढा. मी देखरेख करायला हवी होती, माझं नाव घाला.” नाखवा म्हणाले, “दोन्ही घालू.”

दुसऱ्या सकाळच्या एसटीने ती गेली. मी स्टँडवर गेलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून गेलो होतो.

“काका, मावशींना कुणी बोलू नका,” खिडकीतून ती म्हणाली. “त्यांनी जीव लावून केलं होतं. माझंच शिक्षण कमी पडलं.” तिच्या बोटांवर चिकटपट्ट्यांच्या जागी पांढरे वण होते. मी तिच्या हातात गऱ्यांचा डबा दिला. तिने फणस कधी खाल्ला नव्हता. “हे कापायला अवघड असतं ना ओ?” तिने विचारलं.

“सवयीने जमतं,” मी म्हटलं. एसटी सुटली.

शेडमध्ये पेटारी आली. सातजणी काजूच्या कारखान्यात गेल्या. येसूवहिनीला तिथे दिवसभर उभं राहणं जमेना. ती लिलावाच्या ओट्याखाली बसून सांडलेली सुंगटं, म्हणजे बारीक कोळंबी, वेचून सोलायची, वाट्याने विकायची. जेटीला पुन्हा सळईची झाकणं बसली आणि तीनच वर्षांत त्यांतली चार फुटली.

ती मला जवळजवळ रोज भेटायची. स्टोअरसमोरून जाताना काठी टेकून थांबायची, दम खायची. इकडचं तिकडचं बोलायची, कुणाची बोट आली, कुणाची सून गेली. आणि निघताना, बाकी काही बोलणं झालेलं असो वा नसो, एक वाक्य टाकायची.

“तीन पाण्यांतून काढली होती, पावसकरभाऊ.”

“हो,” मी म्हणायचो.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, तिच्या मनाला लागलंय. तिसऱ्या वर्षी वाटायला लागलं, म्हातारपणी एकाच गोष्टीत अडकलीय. पाचव्या वर्षी मी ती येताना दिसली की आत जाऊन काहीतरी मोजायला लागायचो. ती थांबायची. मी मोजून बाहेर आलो की म्हणायची.

नऊ वर्षं गेली. माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. त्या सकाळी बर्फाचा ट्रक मागे घेताना मागचं चाक स्टोअरसमोरच्या झाकणावर चढलं. तेच, नमुन्याचं, तेजस्विनीच्या रक्ताळलेल्या बोटांनी कापलेलं. टक्कन आवाज झाला. तो आवाज मी ओळखला आणि पायरीवर उभ्या उभ्या डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रक झाकणावर तसाच उभा होता. ड्रायव्हर शिव्या देत गिअर टाकत होता. ट्रक निघून गेला. झाकणाला मधोमध तडा होता, नखाएवढा रुंद, आरपार. तड्यात पांढरे-हिरवे धागे ताणलेले दिसत होते. मी पाय ठेवून पाहिला. मग दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो.

तसाच उभा होतो तेवढ्यात येसूवहिनी आली. तिनेही काठीचं टोक तड्यावर ठेवलं, दाबलं आणि बराच वेळ बघत राहिली. आज ते वाक्य आलं नाही. मलाच राहवेना.

“येसूवहिनी, साबण नव्हता.”

तिने वर पाहिलं.

“तेल होतं. माझ्या घरचं. तेलामुळे सिमेंटने शेवया धरल्या नाहीत. ह्याच्यात तेल नाही, म्हणून हे…” मी झाकणाकडे हात केला.

“हां,” ती म्हणाली. जशी मी तिला भरतीची वेळ सांगितली होती.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“त्या दिवशी तुटल्या झाकणातनं मीपण एक ओढून बघितला. हातात आला तो, लोण्यासारखा. फणस काय तुमच्याच घरी कापतात? साच्याला तेल कशाला चोळतात ते माझ्या डोळ्यांसमोर चोळत होता दत्ताराम.”

“मग ऑफिसात का नाही बोललात?”

“तुम्ही वही वाचत होता,” ती म्हणाली. “मी म्हटलं, आता खाली येईल तेल. आता येईल. तुम्ही मिटलीत.”

“पण तुम्ही बोलायचं होतं!”

“वहीत नाय म्हणजे झालंच नाय. मी बोलून काय झालं असतं? आणि…” तिने डावा तळवा उघडला. चिरांच्या जुन्या रेघा अजून होत्या. “हाताची आग थांबली होती त्या तेलाने. भर ऑफिसात तुमचं नाव घ्यायला जीभ वळली नाय. म्हटलं, भाऊ स्वतः सांगतील. आज नाय तर उद्या. रोज येऊन आठवण करून देत होते. नऊ वर्षं, भाऊ! एकदा तरी विचाराल, तीन पाण्यांतून काढली, मग फेस कशाचा?”

मला राग आला. कुणाचा ते कळेना. नाखवांना तर मरूनही चार वर्षं झाली होती. सही न झालेलं मागणीपत्र मी आदल्याच दिवशी जुन्या कागदांबरोबर फाडलं होतं.

“आता काय उपयोग?” मी म्हटलं. “शेड गेली. बायका गेल्या. आता लिहून दाखवणार कुणाला?”

“ती पोर हाय ना,” येसूवहिनी म्हणाली. “वाळव्याची. कुठंतरी सळयांचीच घरं बांधत असेल. तिला वाटत असेल तिचंच चुकलं. पत्ता हाय?”

“आता कुठे असणार पत्ता?”

“तुमच्या वहीत नाय, असं होईल काय?”

होता. त्या वर्षाच्या वहीत, पहिल्याच पानावर. मु. पो., तालुका, जिल्हा, सगळं.

मी आत जाऊन वही आणि कोरा कागद घेऊन आलो. ती काठी आडवी ठेवून तडकलेल्या झाकणावर पाय सोडून बसली होती. मी पायरीवर बसलो. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं आणि पेन थांबलं. कुठून सुरुवात करावी सुचेना. मोज्यांपासून, डब्यापासून, का त्या कोऱ्या ओळीपासून?

“थांबलात काय?” ती म्हणाली. “पयलं ते लिवा. जाळी तीन पाण्यांतून काढली होती.”